पुसलेल्या टाइपचा माग

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिताना एखाद्या व्हेरिएबलच्या नावापुढे टिंब दिले की एडिटर त्याखाली मेथडची, म्हणजे त्यावर करता येणाऱ्या क्रियांची, यादी उघडतो आणि लिहिणारा त्या यादीतून निवड करून पुढे जातो. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की ती यादी येते कुठून, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. आपण स्वतः लिहिलेल्या क्लासपुरते उत्तर सोपे आहे: सोर्स कोड समोर उघडा असतो आणि एडिटर तो वाचतो. परंतु रोजच्या कामात आपण ज्या क्लासवर विसंबतो, त्यांतले बहुतेक इतरांनी लिहिलेले आणि कंपाइल होऊन जार फाइलमध्ये बंद झालेले असतात. त्यांचा सोर्स हाताशी असेलच असे नाही. अशा वेळी एडिटरला क्लास फाइल उघडून, तिच्यातल्या बाइटवरून यादी तयार करावी लागते. इंदुरात नोकरी सांभाळून मी बऱ्याच काळापासून हेच काम करणारे एक छोटे साधन लिहीत आलो आहे. त्या कामातला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत प्रिय असलेला भाग म्हणजे जेनेरिक टाइप: कोनी कंसात दुसरा टाइप घेणारा टाइप, जसे फक्त स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, यादी.

मोठमोठी विकसन साधने हे सारे उत्तम प्रकारे करतात, मग वेगळे छोटे साधन कशासाठी, असे मला विचारले जाते. माळव्यातून आणि निमाडातून शिकायला आलेली अनेक मुले भंवरकुआँच्या आसपास खोल्या घेऊन राहतात. त्यांच्याकडचे लॅपटॉप पुष्कळदा जुने असतात, मेमरी थोडी असते आणि एखादे अवजड साधन उघडले की बाकी सारे ठप्प होते. त्यांना हलका एडिटर लागतो, आणि हलका एडिटर म्हणजे अपुरी मदत असे समीकरण मला मान्य नाही. त्यांतली काही मुले रविवारी सकाळी लोकमान्यनगरात आमच्या घरी येतात. बुऱ्हाणपूरहून आलेल्या एका मुलीने मला एकदा विचारले, “सर, या यादीत मी फक्त स्ट्रिंग ठेवल्या आहेत. मग गेट केल्यावर टिंब दिलं तर लेंग्थ का दिसत नाही? आणि हे वेट, नोटिफाय कुठून आले?” मी तिच्या पडद्याकडे पाहिले. ‘इक्वल्स’, ‘हॅशकोड’, ‘टूस्ट्रिंग’, ‘गेटक्लास’, ‘नोटिफाय’, ‘वेट’: ऑब्जेक्ट या मूळ क्लासच्या मेथड तेवढ्या दिसत होत्या. मी म्हणालो, “तू लिहिलंस ते बरोबर आहे. तुझ्याकडच्या साधनाने फाइलचा अर्धाच भाग वाचला आहे.”

तो उरलेला अर्धा भाग म्हणजे या लेखाचा विषय.

जावात जेनेरिक्स आले ते २००४ मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर. त्याआधी मार्टिन ओडर्स्की आणि फिलिप वॉडलर यांनी पिझ्झा नावाची भाषा घडवली होती, आणि १९९८ मध्ये गिलाड ब्राखा व डेव्हिड स्टाउटमायर यांच्यासह त्यांनी जीजे हा जावाचा विस्तार मांडला. पाचव्या आवृत्तीतले जेनेरिक्स मुख्यतः त्याच पायावर उभे आहेत. जीजेची मुख्य अट अशी होती की जेनेरिक्स येण्यापूर्वी लिहिलेला कोड आणि नंतरचा कोड एकमेकांशेजारी विनातक्रार चालला पाहिजे. म्हणून कंपाइलर ‘लिस्ट<स्ट्रिंग>’ असे वाचतो, त्यातील सर्व नियम तपासतो आणि चालवण्यासाठीच्या सूचना लिहिताना मात्र नुसते ‘लिस्ट’ असे लिहितो. कोनी कंसातला भाग तो पुसून टाकतो आणि जिथे गरज असेल तिथे कास्टची, म्हणजे वस्तू अमुक टाइपची मानण्याची, सूचना घालतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटने २००५ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत, याहून वेगळा मार्ग घेतला. तिथे जेनेरिक टाइप प्रत्यक्ष चालत्या यंत्रणेलाच ठाऊक असतो आणि कंपाइल झालेल्या क्लासच्या नावाला उलटे एकेरी अवतरणचिन्ह (`) जोडून पुढे टाइप पॅरामीटरची संख्या लिहिलेली असते. जावाच्या या पुसण्यावर आजवर पुष्कळ टीका झाली आहे. चालत्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने तिच्यात तथ्यही आहे. यादी बनवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चित्र निराळे दिसते, आणि ते का, हे क्लास फाइल उघडल्याशिवाय कळत नाही.

क्लास फाइलची रचना मला नेहमीच देखणी वाटत आली आहे. आरंभी ओळख पटवणारे चार ठरावीक बाइट, मग आवृत्तीचा क्रमांक, मग सर्व नावे आणि स्थिर मूल्ये एकत्र साठवणारा कॉन्स्टंट पूल, त्यानंतर क्लासची, फील्डची आणि मेथडची माहिती. प्रत्येक मेथडजवळ एक डिस्क्रिप्टर असतो. ‘लिस्ट’च्या ‘गेट’चा डिस्क्रिप्टर सांगतो की ही मेथड एक पूर्णांक घेते आणि ऑब्जेक्ट परत देते. यंत्रणा मेथड शोधते ती नाव आणि हा डिस्क्रिप्टर यांवरून, म्हणून जे साधन घाईने लिहिले जाते ते इथेच थांबते आणि त्या मुलीला दिसली तशी यादी दाखवते. परंतु आवृत्ती क्रमांक ४९ पासून, म्हणजे पाचव्या जावापासून, क्लासला, फील्डला आणि मेथडला ‘सिग्नेचर’ नावाचे आणखी एक ॲट्रिब्यूट जोडलेले असू शकते. ‘गेट’च्या सिग्नेचरमध्ये ऑब्जेक्टच्या जागी टी हे अक्षर, त्यापुढे ‘ई’ आणि शेवटी अर्धविराम असतो. सुरुवातीचा टी सांगतो की पुढे येणारे नाव एखाद्या क्लासचे नसून टाइप व्हेरिएबलचे, म्हणजे नंतर भरायच्या टाइपसाठी राखलेल्या जागेचे, आहे. क्लासचे नाव असेल तेव्हा आरंभी एल असतो. ‘एक्स्टेंड्स’ची वाइल्डकार्ड (टाइपच्या जागी लिहिलेले प्रश्नचिन्ह) अधिक चिन्हाने, ‘सुपर’ची उणे चिन्हाने आणि कोणतीही मर्यादा नसलेली तारांकनाने दाखवतात. इतक्या मोजक्या चिन्हांत भाषेतल्या जेनेरिक घोषणा मावतात.

या ॲट्रिब्यूटची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. क्लास लोड किंवा लिंक करताना ओरॅकलची जावा चालवणारी यंत्रणा सिग्नेचर नीट रचलेले आहे की नाही, हे तपासत नाही; प्रोग्रॅम चालवण्यासाठी त्याची गरजच नसते. ते लिहिले जाते ते पुढे कंपाइल होणाऱ्या कोडसाठी, रिफ्लेक्शनसाठी (चालत्या प्रोग्रॅमने क्लासची रचना वाचण्यासाठी), डीबगरसाठी आणि आमच्यासारख्या वाचकांसाठी. त्यामुळे वाचणाऱ्याची जबाबदारी वाढते. जे इतर कोणी तपासलेले नाही ते आपल्याला तपासूनच स्वीकारावे लागते, आणि एखाद्या साधनाने तयार केलेल्या फाइलमध्ये सिग्नेचर बिघडलेले आढळले तर ते बाजूला ठेवून डिस्क्रिप्टरकडे परतावे लागते.

पुसणे म्हणजे काय, हे यावरून नेमके सांगता येते. घोषणांमधला टाइप पुसला जात नाही, मेथडच्या शरीरातला पुसला जातो. सूचनांच्या मालिकेत ‘लिस्ट<स्ट्रिंग>’ उरत नाही. स्थानिक व्हेरिएबलच्या टाइपची सारणी डीबगची माहिती मागितली तरच फाइलमध्ये येते. होळकरशाहीतले मोडी कागद वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अक्षरात सहसा मिळत नाही, दोन शब्दांमध्ये जागाही मिळत नाही, आणि दोन्ही गोष्टी संदर्भावरून ठरवाव्या लागतात; तशीच वेळ कंपाइल झालेल्या मेथडवरून सोर्स पुन्हा उभा करणाऱ्यावर येते. यादी बनवणाऱ्यावर ती येत नाही. त्याला दुसऱ्याच्या मेथडचे शरीर वाचायचेच नसते. ज्या शरीरात टिंब दिले आहे ते वापरणाऱ्याचे, अजून कंपाइल न झालेले, एडिटरमध्ये उघडे असलेले शरीर असते. म्हणजे ‘ई’च्या जागी काय भरायचे ते सोर्समध्ये सापडते आणि ‘ई’ कुठे कुठे येतो ते क्लास फाइलमध्ये सापडते. दोन्ही अर्धे शाबूत असतात. ते एकमेकांना योग्य रीतीने जोडणे, एवढेच काम उरते, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

साधे उदाहरण घेतले तर वाटते की यात कठीण काय. वापरणाऱ्याने ‘लिस्ट<स्ट्रिंग>’ लिहिले, लिस्टचा पहिला टाइप पॅरामीटर ‘ई’, ‘गेट’ परत देतो ‘ई’, म्हणून उत्तर स्ट्रिंग. पण ‘ॲरेलिस्ट<स्ट्रिंग>’वर ‘स्ट्रीम’ मागितले की ती मेथड ॲरेलिस्टमध्ये सापडत नाही. ती कलेक्शन या इंटरफेसमध्ये, म्हणजे क्लासने पाळायच्या मेथडच्या करारात, आहे आणि तिच्या सिग्नेचरमधला ‘ई’ हा कलेक्शनचा ‘ई’ आहे. ॲरेलिस्टचा ‘ई’ वेगळा, लिस्टचा ‘ई’ वेगळा. नावे सारखी असली तरी ही तीन स्वतंत्र व्हेरिएबल आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे जाण्याचा मार्ग प्रत्येक क्लासच्या स्वतःच्या सिग्नेचरमध्ये लिहिलेला असतो: ॲरेलिस्ट आपला ‘ई’ लिस्टला देतो, लिस्ट आपला ‘ई’ वरच्या इंटरफेसला देते. जावा २१ मध्ये लिस्ट आणि कलेक्शन यांच्यामध्ये ‘सिक्वेन्स्ड कलेक्शन’ हा नवा थर आला. जे साधन प्रत्येक पायरीवरचे सिग्नेचर वाचत वर चढते, त्याला त्यासाठी काहीच बदलावे लागत नाही.

‘प्रॉपर्टीज’ हा जावाचा जुना क्लास या दृष्टीने फार शिकवून जातो. त्याला स्वतःचा एकही टाइप पॅरामीटर नाही. तरीही तो ‘हॅशटेबल<ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट>’ला एक्स्टेंड करतो, म्हणजे त्याचा वारसा घेतो, ही माहिती त्याच्या क्लास सिग्नेचरमध्ये असते. म्हणून वापरणाऱ्याने कोनी कंस लिहिलेले नसले तरी त्याच्या ‘एंट्रीसेट’मधून मिळणाऱ्या नोंदीचा टाइप ‘मॅप.एंट्री<ऑब्जेक्ट, ऑब्जेक्ट>’ असाच ठरतो. कोनी कंस दिसत नाहीत म्हणून जेनेरिक माहिती नाही, असे गृहीत धरणारे साधन इथे नोंदीचा टाइप हरवून बसते.

नावांवर विश्वास ठेवून चालत नाही, हे मुलांना दाखवण्यासाठी मी त्यांच्याकडून एक छोटा क्लास लिहून घेतो: ‘उलटकोश<के, व्ही>’, जो ‘हॅशमॅप<व्ही, के>’ला एक्स्टेंड करतो. आता ‘उलटकोश<स्ट्रिंग, इंटिजर>’वर ‘गेट’ केले तर काय मिळेल? हॅशमॅपचा ‘गेट’ ‘व्ही’ परत देतो. नाव जुळवले तर इंटिजर असे उत्तर येते आणि ते चुकीचे असते. हॅशमॅपच्या ‘व्ही’च्या जागी उलटकोशाचा ‘के’ बसला आहे, म्हणून खरे उत्तर स्ट्रिंग. इथे आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. आधी ‘के’च्या जागी ‘व्ही’ घातला आणि मग सगळ्या ‘व्ही’च्या जागी ‘के’ घातला, तर शेवटी सगळीकडे ‘के’च उरतो. आदलाबदल एकाच वेळी, सर्व व्हेरिएबलची एकत्र व्हायला हवी. यावर उपाय म्हणून मी साधनात टाइप व्हेरिएबल नुसत्या नावाने कधीच साठवत नाही. ते कोणी घोषित केले आणि कितव्या जागेवर, ही त्याची ओळख, आणि नाव केवळ पडद्यावर दाखवण्यापुरते.

व्हेरिएबलचा मालक शोधणे हेही सरळ नसते. कलेक्शनची ‘टूॲरे’ ही मेथड स्वतःचा ‘टी’ घेऊन येते; तो क्लासचा नसून त्या मेथडचा असतो. सिग्नेचरमध्ये मालकाची खूण नसते, म्हणून आधी मेथडच्या घोषणेत पाहायचे, तिथे नसेल तर क्लासमध्ये, तिथेही नसेल तर त्याला वेढणाऱ्या क्लासमध्ये, असा आतून बाहेर जाण्याचा क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. वेढलेल्या क्लासच्या नावात डॉलरचे चिन्ह येते, परंतु ते चिन्ह कोणी साध्या नावातही वापरू शकते. त्यामुळे कोण कोणाच्या आत आहे, हे नावावरून न ठरवता ‘इनरक्लासेस’ या ॲट्रिब्यूटवरून ठरवणे मला एकमेव भरवशाचे वाटते.

मर्यादांचा, म्हणजे बाउंडचा, प्रश्न तर स्वतंत्र लेखाचा आहे. ‘लिस्ट<? एक्स्टेंड्स नंबर>’मधून ‘गेट’ केले तर नंबरच्या मेथड दाखवाव्यात, तिथेच ‘? सुपर इंटिजर’ असेल तर वाचताना ऑब्जेक्टपलीकडे काही म्हणता येत नाही. ‘कलेक्शन्स’मधल्या ‘मॅक्स’ची घोषणा पाहिली तर तिथल्या ‘टी’ला ऑब्जेक्ट आणि कम्पेरेबल अशा दोन मर्यादा दिलेल्या दिसतात. प्रत्येक वस्तू ऑब्जेक्ट असतेच, मग ते पुन्हा लिहिण्याचे कारण काय? कारण पुसताना पहिली मर्यादा उरते. जेनेरिक्सपूर्वी ‘मॅक्स’ ऑब्जेक्ट परत देत असे, आणि जुन्या कंपाइल झालेल्या कोडसाठी तिचा डिस्क्रिप्टर तसाच राहणे आवश्यक होते. शेजारच्याच ‘सॉर्ट’मध्ये क्लासची मर्यादा नाही, फक्त इंटरफेसची आहे, म्हणून तिच्या सिग्नेचरमध्ये ‘टी’नंतर लागोपाठ दोन अपूर्णविराम (कोलन) दिसतात: पहिल्यानंतरची क्लासची जागा रिकामी आहे. पार्सर (सिग्नेचर वाचून उलगडणारा भाग) लिहिताना ही रिकामी जागा ध्यानात ठेवावी लागते. आणि ‘इनम’चा ‘ई’ तर ‘इनम<ई>’लाच एक्स्टेंड करतो, मर्यादा उलगडत गेलो तर उलगडणे कधी संपणारच नाही. तिथे एकदा भेटलेले व्हेरिएबल पुन्हा भेटले की थांबणे, हाच मार्ग.

कंपाइलरने स्वतः घातलेल्या मेथड गाळणे त्यामानाने सोपे. स्ट्रिंगच्या क्लास फाइलमध्ये ‘कम्पेअरटू’ दोनदा आढळते: एक स्ट्रिंग घेणारी, जी माणसाने लिहिली, आणि एक ऑब्जेक्ट घेणारी, जी पुसलेल्या इंटरफेसशी जुळावे म्हणून कंपाइलरने घातली. अशा मेथडवर ब्रिज आणि सिंथेटिक या खुणा असतात. ‘स्ट्रिंगबिल्डर’च्या ‘अपेंड’बाबत त्या पाहिल्या नाहीत तर यादीत त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा येतात आणि नवशिक्या वाचणारा गोंधळून जातो.

रॉ टाइपबद्दल मात्र मी थोडे थांबून बोलेन, कारण त्याबाबत माझे मत ठाम आहे. कोणी जुन्या सवयीने नुसते ‘लिस्ट’ असे लिहिले, तर भाषेचा नियम सांगतो की त्या क्लासच्या स्टॅटिक नसलेल्या मेथडच्या साऱ्या जेनेरिक घोषणा पुसलेल्या समजाव्यात. ‘टूॲरे’चा स्वतःचा ‘टी’सुद्धा त्यात जातो. अशा जागी ‘गेट’पुढे ऑब्जेक्टच्याच मेथड दाखवणे बरोबर आहे. काही जण सुचवतात की दोन ओळी वर ‘ॲड’ने स्ट्रिंग घातलेली दिसते, मग साधनाने ओळखून स्ट्रिंगच्या मेथड दाखवाव्यात. मी ते करत नाही. तशी यादी पाहून लिहिलेली ओळ कंपाइलर नाकारेल, आणि शिकणाऱ्या मुलाला कळणार नाही की दोघांपैकी कोणाचे खरे मानावे. मी त्या ठिकाणी यादीच्या वर एवढेच दाखवतो की या लिस्टला टाइप दिलेला नाही.

क्लास फाइलची खरी सीमा लागते ती लॅम्डापाशी, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावी फंक्शनपाशी. स्ट्रीमची ‘मॅप’ ही मेथड घ्या. तिच्या सिग्नेचरमध्ये ‘आर’ नावाचे मेथडचे स्वतःचे व्हेरिएबल आहे. ती ‘टी’ घेऊन ‘आर’ देणारे फंक्शन मागते आणि ‘स्ट्रीम<आर>’ परत देते. फाइलमधली माहिती पूर्ण आहे, तरीही ‘आर’ म्हणजे काय हे तिच्यात असू शकत नाही, कारण ते वापरणाऱ्याने कंसात लिहिलेल्या लॅम्डावरून ठरते. त्यासाठी लॅम्डाच्या पॅरामीटरला ‘टी’चा टाइप द्यायचा, तिच्या शरीरातल्या अभिव्यक्तीचा टाइप काढायचा आणि तो ‘आर’च्या जागी ठेवायचा. पूर्ण लिहिलेल्या ओळीत हे जमते. पण यादी मागितली जाते ती ओळ अर्धवट असताना, कंस मिटलेला नसताना, कधी लॅम्डाच्या आतच टिंब दिलेले असताना. तेव्हा ‘टी’ निश्चित कळतो, कारण तो स्ट्रीमच्या टाइपमधून येतो. ‘आर’ कळत नाही. म्हणून साधनात दोन प्रकारची उत्तरे वेगळी ठेवली आहेत: ठरलेला टाइप आणि न ठरलेले व्हेरिएबल. दुसऱ्या प्रकारात यादीत मर्यादेच्या मेथड येतात आणि टाइपच्या जागी ‘आर’ असेच लिहिलेले दिसते, अंदाजाने भरलेले नाव दिसत नाही.

सिग्नेचर मुळातच नसलेले जारही भेटतात. कोड लहान आणि दुर्बोध करणारी साधने, तशी स्पष्ट सूचना दिली नसेल तर, हे ॲट्रिब्यूट काढून टाकतात, कारण चालण्यासाठी ते लागत नाही. तिथे डिस्क्रिप्टरवरचे ऑब्जेक्ट हेच अंतिम उत्तर असते. अशा जारमधल्या क्लाससमोर मी यादीत एक छोटी खूण ठेवतो, जेणेकरून वाचणाऱ्याला कळावे की इथे टाइप फाइलमध्येच नाही आणि कास्ट स्वतः लिहावी लागेल. सध्या काम चालू आहे ते मेथड रेफरन्सवर: ‘मॅप’च्या कंसात ‘स्ट्रिंग’पुढे दोन अपूर्णविराम देऊन मेथडचे नाव लिहिले की त्या नावाच्या सर्व ओव्हरलोड (एकाच नावाच्या, वेगळे पॅरामीटर घेणाऱ्या मेथड) क्लास फाइलमधून काढायच्या, ‘टी’शी जुळणाऱ्या निवडायच्या आणि त्यांपैकी एकच उरली तर तिच्या परतीच्या टाइपने ‘आर’ भरायचा. एकाहून अधिक उरल्या आणि त्यांचे परतीचे टाइप वेगळे असले, तर ‘आर’ तसाच राहतो.